अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

शाळेच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो. खालील म्हणी व वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, गुण चार. या प्रश्नाची उत्तरं मी लिहितो. लिहितात मुलं, पण असतात माझी. गाईडं छापणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं नोकरी करतो आणि भाषेच्या गाईडमधलं सातवं प्रकरण, पान एकशे बारा ते एकशे चाळीस, माझं आहे. कव्हरवर माझं नाव नसतं, तिथे 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ' असं असतं. ते मंडळ म्हणजे मी आणि भूगोलाचे एक गृहस्थ. पण 'डोळ्यांत धूळ फेकणे' म्हणजे फसवणे, हे एका अख्ख्या पिढीला मी शिकवलं आहे, आणि आजूबाजूला पाहिलं तर प्रकरण बऱ्यापैकी अंगी लागलेलं दिसतं.

हे सांगायचं कारण असं, की दादांची वाचा गेली तेव्हा या प्रसंगाला घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. निदान माझा तसा समज होता.

दादा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावायचं काम केलं. समोर लाकडी खण, हातात गठ्ठा, ज्याचं पत्र त्याच्या खणात. बोलणं मुळातच बेताचं. एकोणऐंशीव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला आणि शब्द गेले. पाणी, उशी, दिवा, माझं नाव, स्वतःचं नाव, सगळं गेलं. चौथ्या दिवशी नर्सनं सुई टोचली तेव्हा दादांनी तोंड उघडलं आणि स्वच्छ म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली."

डॉक्टरांनी समजावलं. सुटे शब्द डोक्यात एका ठिकाणी असतात, ते गेले. पण जन्मभर तोंडात बसलेली तयार वाक्यं दुसरीकडे असतात, ती कधी कधी वाचतात. गाणी, शिव्या आणि म्हणी. दादा कधी गायले नव्हते. शिव्या असल्या तर त्यांनी त्या टपाल खात्यातच ठेवल्या होत्या. राहिल्या म्हणी. मोजून अकरा.

"त्या आपोआप येतात," डॉक्टर म्हणाले. "अर्थाच्या मागे लागू नका. चेहरा बघा, हात बघा."

सव्वीस वर्षं अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाला 'अर्थाच्या मागे लागू नका' असं सांगणं म्हणजे न्हाव्याला 'केसांकडे लक्ष देऊ नका' म्हणण्यासारखं आहे. मी मान हलवली आणि येताना दोनशे पानी वही विकत घेतली.

एकोणीस दिवसांनी दादांना घरी सोडलं. वॉर्डातल्या आयानं एक पिशवी हातात दिली आणि कागद पुढे केला. चष्मा एक, चपलांचा जोड एक, कंगवा एक, दातांची डबी एक. "नीट बघून घ्या आणि सही करा." मी चष्मा पाहिला, चपला पाहिल्या, कंगवाही पाहिला. डबी उघडली नाही. दादांची कवळी हा आमच्या घरात न काढायचा विषय. बावन्नाव्या वर्षी त्यांनी ती बसवली आणि तेव्हापासून बाथरूमचं दार लावल्याशिवाय कधी काढली नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण तिनंही त्यांना कवळीशिवाय पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा आयानं डबी पुढे केली तशी मी सभ्य माणसासारखं खिडकीबाहेर पाहिलं आणि सही ठोकली.

घरी सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस लावला. आंघोळ, कपडे, दात बसवणं आणि काढणं, सगळं त्यानं बाथरूमचं दार लावून करायचं. ही अट माझी. दादांचा आब राहिला पाहिजे.

वहीत मी चार रकाने आखले. म्हण, तिचा अर्थ, कोणत्या वेळी म्हणाले, बहुधा काय हवे. पहिल्या पानावर अनुक्रमणिका केली. बायको दारात उभी राहून बघत होती. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, काचेच्या नळ्या धुण्यात आयुष्य गेल्यामुळे तिचा शब्दांवर फारसा विश्वास नाही.

"परीक्षा कधी आहे?" तिनं विचारलं.

परीक्षा दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. दादांपुढे भाजीचं सूप आणि पाव ठेवला. त्यांनी एक घास घेतला, थांबले, डाव्या हातानं ताट लोटलं आणि म्हणाले, "अति तेथे माती."

मी लिहिलं. अर्थ: कोणत्याही गोष्टीचा अतिरेक वाईट. वेळ: दुपारचं जेवण. बहुधा काय हवे: कमी वाढावे. संध्याकाळी अर्धं वाढलं. एक घास, ताट दूर, "अति तेथे माती." दुसऱ्या दिवशी त्याचंही निम्मं केलं. पाचव्या दिवशी आम्ही त्यांना चहाच्या बशीत जेवायला देत होतो आणि ते त्या बशीकडे बघून 'अति तेथे माती' म्हणत होते.

"याहून कमी करायचं," बायको म्हणाली, "तर रिकामी बशी ठेवावी लागेल."

मी तिला सांगितलं की शास्त्रीय कामात सुरुवातीला अशा अडचणी येतात.

दुसऱ्या आठवड्यात दादा 'दुरून डोंगर साजरे' म्हणू लागले. आता या म्हणीचा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक? लांबून जे चांगलं दिसतं ते जवळ गेल्यावर तसं असतंच असं नाही. पण मी थोडा खोलात गेलो. 'दुरून' हा शब्द का? दूर कोण आहे? ताई. माझी थोरली बहीण, दुसऱ्या शहरात असते. दादांना तिची आठवण येत होती. मी फोन केला, ती दोन बॅगा घेऊन आली, आणि दादांच्या पुढ्यातली बशी पाहून जिथल्या तिथे रडायला लागली.

"उपाशी मारतोस होय रे त्यांना? बशीत जेवण? मांजर आहेत का ते?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुरून डोंगर साजरे." ही एकच नोंद अशी आहे की तिच्या अर्थाबद्दल मला आजही शंका नाही.

ताईनं बशीचं पुन्हा ताट केलं. पण ताट आणि बशी यांत दादांनी भेदभाव केला नाही. पहिला घास घ्यायचे, मग तोंड फिरवायचे. सोडलं तेव्हा वजन अठ्ठावन्न किलो होतं. पाचव्या आठवड्यात बावन्न भरलं. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, म्हणून आम्ही ते काढून टेबलावर ठेवलं. दादा टेबलाकडे बघून 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणाले. मी बहुधा काय हवेच्या रकान्यात 'पाणी?' लिहिलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं.

एव्हाना वहीची कीर्ती जिन्यात पसरली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील मधाची बाटली घेऊन खाली आले. माझी पद्धत मुळातच चूक आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

"अर्थावरून हेतू सिद्ध होत नाही. उलटतपासणी घ्यावी लागते. बघा." खुर्ची ओढून ते दादांसमोर बसले. "मला फक्त होय किंवा नाही एवढंच सांगायचं. तुम्हाला जेवायचं आहे का?"

दादा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय."

वकील खुर्चीवरून उठले. "हे माझ्या नावासमोर लिहू नका," ते मला म्हणाले. मी लिहिलं होतंच. त्यांनी वही मागून घेतली, स्वतःच्या पेनानं ती ओळ खोडली आणि समासात सही केली. मध परत नेला.

समोरच्या बाईंचं मत साधं होतं. त्या कठड्यावर टॉवेल वाळत घालता घालता बायकोला म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी पण असंच अन्न सोडलं होतं. माणसाला कळतं हो. त्यांनाच राहायचं नसेल तर तुम्ही कशाला ओढाताण करता? जाऊ द्यावं." चार दिवसांत सगळ्या जिन्याला माहीत झालं की दादांना आता जायचंय. फक्त दादांना कुणी सांगितलं नव्हतं. ताई उशाशी बसून त्यांचा हात हातात घेऊन म्हणायची, "दादा, आमची काळजी करू नका हं. आम्ही सगळे ठीक आहोत." दादा म्हणायचे, "ज्याचं जळतं त्याला कळतं." ताई अजून रडायची. मी लिहायचो.

एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"त्यांना जायचंबियचं काही नाही," ती म्हणाली. "भूक आहे त्यांना. ताट दिसलं की डावा हात आपोआप पुढे येतो. घास तोंडात जातो आणि मग ते डोळे घट्ट मिटतात. रोज बघतेय मी."

"काय म्हणतात त्या वेळी?"

"काय म्हणतात ते जाऊ दे. डोळे मिटतात, ते सांगतेय मी."

मी तिला शांतपणे समजावलं की वहीत डोळ्यांसाठी रकाना नाही.

दहाव्या आठवड्यात वजन शेहेचाळीस झालं. डॉक्टरांनी वही चाळली. मी ती मुद्दाम नेली होती. एकशे सदतीस पानं भरली होती, अनुक्रमणिका अद्ययावत होती. त्यांनी ती मिटून माझ्याकडे परत दिली आणि म्हणाले, "शुक्रवारी पोटातून नळी घालू. जेवण सरळ पोटात जाईल. तेवढी ताकद आत्ता आहे त्यांच्यात, आणखी पंधरा दिवसांनी नसेल." मी विचारलं, धोका किती? ते म्हणाले, "या वजनाला असतोच." मग म्हणाले, "नाही घातली तर काय, ते तुम्हाला दिसतंच आहे."

संमतीपत्राच्या खिडकीवर एक पस्तिशीच्या बाई होत्या. दादा चाकाच्या खुर्चीत, गळ्यापर्यंत शाल. बाईंनी नियमाप्रमाणे त्यांच्याकडे बघून विचारलं, "आजोबा, पोटात नळी घालायला तुमची हरकत नाही ना?"

"नाचता येईना अंगण वाकडे," दादा म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. फॉर्मवर दोन चौकोन होते. "हे हो का नाही?"

मी सांगितलं की या म्हणीचा अर्थ, स्वतःला एखादी गोष्ट जमत नसली की माणूस दोष दुसऱ्याला देतो. बाई माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. "'स्वतःतील उणीव झाकण्यासाठी साधनांना नावे ठेवणे,'" त्या घडाघडा म्हणाल्या. "हे तुमचं? तुमच्या गाईडवर पास झाले मी. चारपैकी चार." मी म्हटलं, हो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला माझा वाचक भेटत होता आणि मधे दादा होते, शेहेचाळीस किलो. "मग सांगा ना सर," बाई म्हणाल्या, "हो का नाही? मागे रांग आहे."

मला सांगता आलं नाही. एकशे सदतीस पानं माझ्या काखेत होती आणि दादांना पोटात भोक पाडून हवंय की नको, हे मला सांगता आलं नाही. बाईंनी एक तिसरा चौकोन हातानं काढला, त्यापुढे 'अन्य' लिहिलं आणि माझी सही घेतली. सह्या करण्यात मी तोवर तरबेज झालो होतो.

शुक्रवारी सकाळी मदतनीसानं दादांना तयार केलं आणि आम्ही त्यांना घेऊन गेलो. पडद्याआड एक वयस्क नर्स तयारी करत होती. "तोंडात दात आहेत का?" तिनं विचारलं. मी सवयीनं खिडकीकडे वळलो. खिडकी नव्हती. कोरी भिंत होती. तिच्याकडे बघत मी म्हणालो, "आहेत. पण ते आमच्यासमोर..."

"मग बाहेर व्हा," नर्स म्हणाली. बायको हलली नाही. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. मागून नर्सचा आवाज आला, "अगं बाई गं." मग ती म्हणाली, "इकडे या. बघायला पाहिजे तुम्ही."

मी पाहिलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मी वडिलांच्या तोंडात पाहिलं. दोन्ही हिरड्यांच्या कडेनं मांस सोलून निघालं होतं. खाली डावीकडे खोल जखम होती आणि तिच्यात कवळी घट्ट बसवायचा चिकट लेप वाळून बसला होता. जिभेच्या कडा चिरल्या होत्या. नर्सनं कवळी तळहातावर उलटी केली. "यांची नाहीच ही. जबडा बघा त्यांचा केवढा आहे आणि ही बघा." आतल्या गुलाबी भागावर दात बनवणाऱ्यानं बारीक अक्षरात एक आद्याक्षर कोरलं होतं. आमच्या आडनावाचं नव्हतं.

दहा आठवडे दादांच्या तोंडात दुसऱ्या माणसाचे दात होते. रोज सकाळी साडेसातला ते बसवले जात आणि रात्री नवाला काढले जात, बंद दाराआड, त्यांचा आब राखून.

मदतनीसाला फोन केला. "त्रास द्यायचे हो ते बसवताना," तो म्हणाला. "हातानं ढकलायचे मला. म्हणून जरा दाबून बसवायचो, लेप पण जास्त लावायचो. मला वाटलं, तुमच्याकडे हे असंच असतं. तुम्हीच म्हणाला होतात, दाताबद्दल बोलायचं नाही."

म्हणालो होतो खरा.

नळी रद्द झाली. नर्सनं जखमा धुऊन मलम लावलं, आणि अर्ध्या तासानं बायकोनं थंड दुधात केळं अगदी बारीक कुस्करून चमच्यानं पुढे केलं. दादांनी एक चमचा घेतला. डोळे उघडेच होते. दुसरा घेतला. वाटी संपली तशी त्यांनी डाव्या हातानं वाटीच्या काठावर टकटक केलं. बायकोनं दुसरं केळं सोललं. या सगळ्यात त्यांनी एकही म्हण म्हटली नाही. मी वही उघडून बसलो होतो. लिहायला काही नव्हतं.

ताईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, ते सांगत होते. 'नाकापेक्षा मोती जड' म्हणत होते ना? म्हणजे तोंडापेक्षा दात मोठे. तुला कळलं नाही." मी वहीत शोधलं. ती म्हण ते दोनदाच म्हणाले होते, दोन्ही वेळा पंख्याकडे बघून. माझ्या प्रकरणात दातांचे चौदा वाक्प्रचार आहेत, ओठांचे पाच. दादांनी त्यातला एकही वापरला नव्हता. वापरला असता तरी मी पान एकशे एकवीसवरचा अर्थ उतरवून घेतला असता आणि ताटात काहीतरी बदल केला असता.

आता दादांचे दात शोधायचे होते. हॉस्पिटलच्या चौकशी कक्षात दोन फॉर्म होते, हरवलेली वस्तू आणि सापडलेली वस्तू. मी दोन्ही मागितले. कारकून म्हणाला, दोन्ही मिळत नाहीत. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे आणि एक नाही. तो म्हणाला, मग जी आहे ती हरवलेली नाही आणि जी नाही ती सापडलेली नाही, तेव्हा तुमची तक्रार काय आहे? व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष होतं. मी वॉर्डात गेलो.

आया तीच होती. तिनं काही लपवलं नाही. सकाळी सहाला सगळ्या डब्या रिकाम्या करून दात एकाच टबात धुवायचे, ही तिची पद्धत. डब्या वेगळ्या, टब एक. "आठ जणांचे वेगवेगळे धुवायला बसले तर राउंड सुरू होतो ना. मी बघून लावते. वीस वर्षांत चूक नाही झाली." मग तिनं माझ्या हातातली डबी उघडून पाहिली, आणि खाटेच्या कडेवर बसली. "चौदा नंबर," ती म्हणाली. "तुमचे बारा. एकाच दिवशी सोडलं दोघांना."

पत्ता द्यायचा नियम नाही. खिडकीवरच्या बाईंनी दिला. चारपैकी चारचं ते ऋण फिटलं असं मी समजतो.

चौदा नंबरचा पत्ता म्हणजे एका अरुंद रस्त्यावरचं शिंप्याचं दुकान निघालं. दोन मशीन, त्यातलं एक झाकलेलं. कापायच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक माणूस गळ्यात टेप टाकून खडूनं रेघ मारत होता. मी डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. नीट सांगितलं, क्रमानं, एकही वाक्प्रचार न वापरता. त्याचा खडू हळूहळू खाली आला.

"वडील गेले," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. खाणं सुटलं होतं."

मी विचारलं, "त्यांचीही वाचा...?"

"छे. बोलायचे. ठणठणीत बोलायचे." त्यानं झाकलेल्या मशीनकडे पाहिलं. "रोज सांगायचे, हे दात माझे नाहीत."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"त्यांना सवय होती हो तसं बोलायची," तो म्हणाला. "चिडले की म्हणायचे, हे घर माझं नाही. ही पोरं माझी नाहीत. हे तर कायमचं. आम्हाला वाटलं, त्यातलंच. बायको माझी शाळेत भाषा शिकवते. ती म्हणाली, त्यांना परकं वाटतंय, शब्दशः घेऊ नका. मग आम्ही जास्त जवळ बसायला लागलो. हात धरून. ते हात सोडवून घ्यायचे आणि तोंडाकडे बोट दाखवून तेच म्हणायचे. आम्ही म्हणायचो, असं नाही बोलायचं बाबा, सगळं तुमचंच आहे."

त्यानं टेप गळ्यातून काढला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागला. "बाही अर्ध्या बोटानं सैल असली तरी लांबून ओळखतो मी. गिऱ्हाईक दारात असतानाच."

मी दादांच्या दातांचं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. "नेताना चेहरा बरा दिसावा म्हणून बसवले होते. त्यांच्याबरोबरच गेले." फोनमध्ये त्यानं एक फोटो दाखवला. हॉस्पिटलमधून आल्यावरचा, कुणीतरी हसा म्हणालं असावं. एक अनोळखी वृद्ध माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यात खाली माझ्या वडिलांचं हसू. सत्तावीस वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर पाहिलेलं. दादांनी फारसं वापरलं नव्हतं, त्यामुळे चांगल्या स्थितीत होतं.

तो डबीकडे बघत होता. "याचं आता मी काय करू?"

मी निघालो तेव्हा त्यानं मागून हाक मारली. "बारा किलो उतरले म्हणालात ना? शर्ट सगळे लोंबत असतील त्यांचे. घेऊन या. आत घेऊन देतो." मी पैशांचं काही बोलणार होतो. तो म्हणाला, "मापाला त्यांनाच घेऊन या. अंदाजानं नको."

आता दादा पन्नासवर आले आहेत. हिरड्या भरल्या की नवीन माप घेऊ असं दातांचे डॉक्टर म्हणतात. त्याला अजून दोन महिने आहेत, आणि या वयाला दोन महिन्यांचं काही सांगता येत नाही. तोवर बाथरूमचं दार उघडं असतं आणि दादांच्या तोंडात दात नसतात. त्यामुळे म्हणी आता नीट कळतही नाहीत, नुसती फुंकर आणि एखादा स्वर येतो. कोणती म्हण चालू आहे हे मला ओळखू येत नाही. बायकोचं त्यावाचून काही अडत नाही. चमचा पुढे करायचा की थांबायचं, ते ती त्यांच्या डोळ्यांकडे बघून ठरवते.

गाईडच्या नवीन आवृत्तीचं काम सुरू झालंय. सातव्या प्रकरणात काही भर घालायची आहे का असं कंपनीनं विचारलं आहे. मी नाही म्हणून कळवलं. वहीत मात्र एक नोंद केली, एकशे अडतिसाव्या पानावर. रकाने सोडून, परीक्षेत लिहितात तशी.

हे दात माझे नाहीत.

अर्थ: हे दात माझे नाहीत.

वाक्यात उपयोग: एका गृहस्थांनी तो रोज केला, सात आठवडे.